कॅमेलियाचा वास

किनाऱ्यावरच्या मुरबे गावची एक कोळीण बोईसरला आमच्या बिल्डिंगमध्ये रोज मासे घेऊन येते. नाव मी कधी विचारलं नाही, मावशी म्हणतो. डोक्यावरची पाटी उतरवली की ती आधी अंबाड्यातलं फूल चाचपते, मगच भाव सांगते.

यंदा थंडीत आमच्या दाराबाहेरच्या कुंडीत कॅमेलियाचं पहिलं फूल उमललं. चहाच्या झाडाची ही गुडघ्याएवढी बहीण मी नर्सरीतून सुवासिक म्हणून आणली होती. घरात सगळ्यांनी हुंगून पाहिलं. "यापेक्षा कागदाचं बरं," म्हणत बायकोने निकाल दिला.

त्याच सकाळी मावशी जिन्यातच थबकली. "दादा, कसला वास येतंय? गोड हाय."

बायकोला हसू आवरेना. "मावशी, डोक्यावर मांदेली असताना तुम्हाला फुलाचा वास येतो?"

"वास आमच्या हाताला हाय गो, नाकाला नाय!"

तिच्या अंबाड्यासाठी मी फूल खुडायला वाकलो, तर तिने हात धरला. "ऱ्हाव दे. अंबाड्यातल्या फुलाचा वास पाठच्यांना. हा माझा हाय."

आम्हाला तो वास अजून आलेला नाही. पण मावशी आता सगळ्यांत आधी आमच्या मजल्यावर येते, आणि ताजी मांदेली आमच्याच दारात उतरते. परवा बायको नर्सरीत जाऊन दुसरी कुंडी घेऊन आली.