मधे काहीच नको

सुलभावहिनींचा फोन आला तेव्हा मी गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालत होतो. "भाऊजी, हे गेले," त्या म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाल्या, "घाई करू नका. सावकाश या. आता कसलीच घाई नाही." आवाज इतका सरळ होता की मी नळ बंद केला, हात पुसले, चहासुद्धा घेतला आणि मग निघालो. कॉलेज रोडवरच्या त्यांच्या घरी पोचेपर्यंत अविनाशच्या रविवारच्या मंडळींनी त्याचा फोटो मोबाइलवर फिरवायला सुरुवात केली होती; फिरत फिरत तो माझ्याकडेही आला. टप काढलेली हिरवी गाडी, डोळ्यांवर गॉगल, आणि दात दाखवत हसणारा अविनाश. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आमचा सारथी पुढच्या घाटाला निघाला.' फोटो दोन्ही पाय असतानाचा होता. पुढे सगळ्यांनी हात जोडले होते. आजारपणात त्यांच्यापैकी एकटा सतीश काय तो त्याच्याकडे येऊन गेला, आणि तो कशासाठी आला होता ते ओघात येईलच.

अविनाश आणि मी शाळेपासूनचे. तो अंबडला यंत्रांचे सुटे भाग बनवायचा, मी विम्याच्या कचेरीत होतो. आमच्यातलं समान म्हणजे गाड्या, म्हणजे त्याचं वेड आणि माझं ऐकणं. ती हिरवी गाडी त्याला देवळालीच्या एका बंद बंगल्याच्या आवारात सापडली. दोन सीटांची, कापडी टपाची, जुनी विलायती. चालवणाऱ्याच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. ती उठेपर्यंत अविनाश थांबला आणि मग गाडी ओढून घरी आणली. पुढची दोन वर्षं कारखाना सुटल्यावर तो तिच्याखालीच असायचा. ती उभी राहिली तेव्हा तिला एसी नव्हता, स्टिअरिंग हलकं करणारं काही नव्हतं, ब्रेकला मदत नव्हती. एवढंही त्याला पुरेसं वाटलं नाही. दोन सीटांच्या मधल्या, गिअरबॉक्स झाकणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यावर आणि पायाखाली गरमी अडवायला जाड नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं अस्तर होतं, ते त्याने फाडून काढलं. मी विचारलं, "का रे?" म्हणाला, "मधे गोधडी कशाला? गाडी आणि आपल्यामधे काही नको." चपलाही तो दाराशी काढून ठेवायचा आणि देवळात शिरावं तसा अनवाणी आत बसायचा. जोडा म्हणजे मधला दलाल, असं त्याचं म्हणणं.

आणि खरं सांगायचं तर त्याला कळायचं. एकदा कसाऱ्याकडून परत येताना, मी गप्पांच्या भरात असताना, त्याने गाडी एकदम बाजूला घेतली. आवाज नाही, धक्का नाही, काही नाही. "हातात सैल लागतंय," एवढंच म्हणाला. खाली उतरून बघितलं तर पुढच्या चाकाचे नट हाताने फिरतील इतके ढिले. पुढचा उतार मी आजही डोळ्यांसमोर आणत नाही. दुसऱ्या एका पहाटे हरसूलच्या रस्त्यावर त्याने मला गिअरच्या दांड्यावर हात ठेवायला लावला होता. "आता खडी आली... आता डांबर... आता दव आहे बघ, गाडी जीभ लावून बघतेय." मला दांड्याची थरथर तेवढी लागत होती. पण त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं, ते मी त्याच्या लग्नातही बघितलं नव्हतं. असा माणूस मित्र असला की आपणही काही कमी नाही, असं वाटत राहतं.

फक्त ज्याला कळत नाही त्याच्यासाठी त्याच्या मनात जागा नव्हती. वहिनींची पाठ धरली होती तेव्हाही तो त्यांना त्याच गाडीतून डॉक्टरकडे घेऊन गेला. प्रत्येक खड्ड्याला त्या सीट गच्च धरत होत्या आणि हा विचारत होता, "रस्ता कळतोय ना?" त्यांना त्याने एकदाही स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. रविवारी सकाळी सहा-सात गाड्या त्र्यंबकच्या दिशेने निघत, घाट करून येत आणि परतीला मिसळ. मीही माझी जुनी गाडी घेऊन शेवटी असायचो. मग माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. क्लच दाबला की कळ मस्तकात जायची, म्हणून मी ऑटोमॅटिक घेतली. उंच, पांढरी. पुढे काही आडवं आलं की आपणहून थांबणारी, रस्त्यावर आखलेला पट्टा सोडला की ओरडणारी. ती घेऊन मिसळीच्या ठिकाणी गेलो. अविनाशने तिच्याभोवती एक फेरी मारली, आत बसला, कशालाही हात न लावता बाहेर आला.

"मुक्या, ही गाडी नाही. लिफ्ट आहे," शाळेतलं नाव घेऊन तो मला म्हणाला. "आणि लिफ्टमनला आपण गाडीवाला म्हणत नाही."

सगळे हसले. सतीशला तर ठसका लागला. मी मिसळ संपवली, कारण अर्धी टाकून उठणं फार दिसलं असतं. पुढच्या रविवारी कुणाचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मोबाइलवरच्या त्यांच्या गटातून मला काढून टाकल्याचं माझ्या दोन दिवसांनी लक्षात आलं.

साखर त्याला बऱ्याच वर्षांपासून होती. गोळ्या घ्यायचा, कधी नाही घ्यायचा. घरात चालताना एका पायातली स्लीपर निसटून मागे राहायची आणि हा तसाच पुढे जायचा. वहिनी हाक मारून सांगायच्या, "अहो, चप्पल." त्याला वाटे आपण विचारात होतो. वहिनींना वाटे वय झालं. भर वैशाखातल्या एका रविवारी त्र्यंबकच्या अलीकडे रस्ता खणून ठेवलेला होता आणि यात्रेकरूंच्या गाड्यांत ही मंडळी तासाहून जास्त अडकून पडली. इंजिन बंद केलं तर परत लागेल याची खात्री नाही, म्हणून त्याने ते चालूच ठेवलं. त्याचा डावा पाय गिअरबॉक्सच्या उघड्या पत्र्याला टेकलेला होता. अनवाणी. त्या पत्र्याखालून धुराचा पाइप जातो. बाकीचे पाय झटकत बाहेर उतरले, शिव्या दिल्या, उसाचा रस प्यायले. अविनाश आत बसून राहिला. सतीशने नंतर मला कौतुकाने सांगितलं, "काय माणूस आहे, एवढ्या तापलेल्या गाडीत शांत बसला होता."

घरी आल्यावर तो हॉलमधून न्हाणीघरापर्यंत चालत गेला. वहिनींना फरशीवर ओले ठसे दिसले, एकाच पायाचे. "मी पाणी समजून पुसलं हो," त्या मला म्हणाल्या. पाय त्यांना त्या दिवशी दिसलाच नाही. त्याला मात्र न्हाणीघरात दिसला, भाजून सोललेला. त्याने वरून हळद लावली, मोजा घातला आणि तो मोजा आठवडाभर काढला नाही. घरात वास यायला लागला तेव्हा वहिनींनी आधी उंदीर शोधला.

मला फोन आला तो तेव्हा. "भाऊजी, तुमच्या गाडीचं दार मोठं उघडतं ना? ह्यांना त्या गाडीत पाय मुडपून बसवता येणार नाही." बाकीच्यांना त्यांनी आधीच फोन केले होते, आणि प्रत्येकाला काही ना काही काम निघालं होतं. मी गेलो. अविनाश माझ्या लिफ्टमध्ये पाय लांब करून बसला. इतक्या महिन्यांनी भेटल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "एसी कमी कर, झोप येते."

डॉक्टरांनी डावा पाय बघितला. मग त्यांनी नायलॉनचा एक जाडसर धागा घेतला आणि उजव्या, धडधाकट पायाकडे वळले. "डोळे मिटा. धागा टेकला की हो म्हणा." अविनाशने डोळे मिटले. "हो," तो म्हणाला. थोडं थांबून, "हो." मग परत, ठरावीक अंतराने, आत्मविश्वासाने, "हो... हो..." धागा डॉक्टरांनी केव्हाच ट्रेमध्ये ठेवून दिला होता. ते हात बांधून त्याच्याकडे बघत होते. वहिनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागल्या. अविनाश आणखी दोनदा "हो" म्हणाला. मग खोलीतली शांतता त्याच्या लक्षात आली असावी, त्याने डोळे उघडले आणि ट्रेकडे बघितलं. जन्मभर कळण्यावर जगलेला माणूस... त्या खोलीत त्याच्याकडे कुणी बघू नये, असं मला वाटलं. पण मी बघत होतो.

आधी बोटं काढली. मग घोट्याच्या वरून. जखम वर वर चढत गेली, शेवटी गुडघ्याखालून पाय गेला. ड्रेसिंगला मीच नेत असे. वाटेत तो माझ्या गाडीची टिंगल करायचा. रस्त्यावरचा पट्टा ओलांडल्यावर ती ओरडली की म्हणायचा, "तुझी सासू उठली बघ." तो बदलला असता, दोन गोड शब्द बोलला असता, तर हा लेख लिहायला मला सोपं गेलं असतं. तो बदलला नाही.

सतीश दवाखान्यात आला तो सफरचंदं घेऊन. पायाच्या जागी सपाट पडलेल्या चादरीकडे त्याने एकदाही बघितलं नाही. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "अव्या, गाडीचं काय ठरवलंयस? उभी राहून खराब होईल. माझ्याकडे आली तर घरातच राहील." मला त्याच्या हातातली पिशवी घेऊन त्याला बाहेर काढावंसं वाटलं. पण अविनाशच्या डोळ्यांत तेवढ्यापुरता जीव आला. टायर कुठले टाकशील, तेल कुठलं, टप कोण शिवेल, असं सगळं त्याने विचारून घेतलं. सतीशने पाठ केल्यासारखी उत्तरं दिली. मग अविनाश उशीला टेकला आणि म्हणाला, "नाही देत. तुझा क्लच फार वाईट आहे. वासावरून कळतं." सतीश उठला. सफरचंदं राहिली.

घरी आल्यावर एका दुपारी अविनाश मला म्हणाला, "तुझ्या गाडीला डावा पाय लागत नाही ना?" मला कळलं तो कुठे चाललाय ते. मी म्हटलं, "उजव्याचं काय? त्यालाही काही लागत नाही, डॉक्टर म्हणाले ते आठवतंय ना?" "मोकळ्या जागेत," तो म्हणाला. "एकदाच." आयुष्यात त्याने माझ्याकडे मागितलेली ती एकमेव गोष्ट. मखमलाबादच्या पुढे प्लॉट पाडून ठेवलेलं एक माळरान आहे. नुसते रस्ते, घरं नाहीत. मी त्याला उचलून चालकाच्या सीटवर बसवलं आणि शेजारी हॅन्डब्रेकच्या बटणावर बोट ठेवून बसलो. तो निघाला. पहिली फेरी त्याने इतकी सुरेख मारली की मी बोट उचललं. हात तेच होते... वळणाच्या आधीच वळणाला लागलेले. दुसऱ्या फेरीला वेग वाढला. तो मजेत वाढवतोय असं मला वाटलं. पुढे अर्धवट बांधलेली विटांची भिंत होती. मी त्याच्याकडे बघितलं, तर तो भिंतीकडे अगदी शांतपणे बघत होता, सगळं हातात असल्यासारखा. गाडी किंचाळली आणि स्वतःच अशी गचकन थांबली की सीटचा पट्टा माझ्या छातीत रुतला.

धूळ खाली बसली.

"मी दाबला ना ब्रेक?" त्याने विचारलं. तो टोमणा नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं. मी खाली वाकून बघितलं. त्याचं पाऊल अजून अ‍ॅक्सिलरेटरवरच होतं. हो म्हणता आलं असतं. पण डोळे मिटून म्हटलेले ते हो आम्ही दोघांनीही ऐकले होते.

"नाही," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. "उतरव मला." परत येताना गाडी दोनदा ओरडली, पण त्याने टिंगल केली नाही. त्यानंतर गाडी हा विषय त्याने माझ्याशी काढला नाही. महिन्याभरात मूत्रपिंडं गेली आणि मागोमाग तो.

दिवस झाल्यावर सतीश परत आला. वहिनींनी किल्ली आणून त्याच्या हातात ठेवली. "आजच न्या," त्या म्हणाल्या, "आणि ह्या रस्त्याने परत आणू नका." तो गाडी सुरू करत असताना त्या आत निघून गेल्या. गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा फाटकातून एक छोटी चंदेरी ऑटोमॅटिक आत शिरत होती आणि चाकामागे वहिनी होत्या. नाक काचेला लागेल इतक्या पुढे सरकून बसलेल्या. साठीनंतर क्लास लावला, मला सांगितलंसुद्धा नाही. "हे म्हणायचे, तुला कळणार नाही," त्या म्हणाल्या. "शिकवणाऱ्या मुलीला मी तेच सांगितलं. ती म्हणाली, काकू, कळायचंय काय त्यात, वळवा. मी वळवली. वळली."

चंदेरी गाडी, हिरवी उभी असायची त्याच शेडमध्ये, मागच्या भिंतीपासून चांगली लांब उभी राहिली. इंजिन बंद झालं. पण त्या उतरल्या नाहीत, दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत बसून राहिल्या. मी दार उघडायला गेलो तर म्हणाल्या, "थांबा जरा. हे पण असेच बसायचे, गाडी लावल्यावर कितीतरी वेळ. मी वर स्वयंपाकघरातून बघायची. मला वाटायचं, ह्यांना घरात यायचंच नसतं."

"आणि आता?"

"आता इथे बसलं की कळतं," वहिनी म्हणाल्या. "खरंच यायचं नसायचं."