फुलपाडा ते राजोडी, विजेवर

भावोजींनी विजेची मोटार घेतली तो दिवस गुरुवार होता. त्या दिवसापासून आमच्या घराण्यात दोन पक्ष झाले. एकात भावोजी आणि दुसऱ्यात त्यांना ओळखणारे सगळे. त्यांच्याइतका एकटा मोटारवाला अख्ख्या वसई तालुक्यात झाला नसेल.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते फुलपाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहत आणि सातिवलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. माझ्या ताईला गाडी लागते. पेट्रोलचा नुसता वास आला तरी तिचा चेहरा उतरतो. राजोडीचं आमचं माहेर काही परदेशात नाही, पण रिक्षातून उतरलेली ताई आईच्या पाया पडायच्या आधी वाडीतल्या केळीच्या बुंध्याशी जाऊन ओकायची. हळूहळू तिने जाणंच सोडलं. तेव्हा भावोजींनी कुठून कुठून माहिती काढून, जिला धूर नाही आणि वास नाही अशी मोटार आणली. तिला दोन दारं होती. पुढे दोघांनी बसायचं आणि मागे तिसऱ्या माणसाची घडी घालून ठेवायची. ताईने गॅलरीतून एकदा खाली पाहिलं आणि म्हणाली, "या खेळण्यात मी बसायची नाही. लोक हसतील."

लोक हसतच होते. मोटार चार्ज करायला भावोजी स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली वायर सोडत. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दोन दिवस त्या वायरवर टॉवेल वाळत घातले. सोसायटीचा पाण्याचा पंप आणि भावोजींची मोटार एकाच वेळी सुरू झाली की खालचा फ्यूज उडे, आणि तीन मजले अंगाला साबण लावून ताटकळत राहत. सेक्रेटरी टॉवेलवरच वर येत. "अहो, तुमची गाडी जेवतेय आणि आमचे नळ कोरडे!" भावोजी शांतपणे म्हणत, "पंप म्हातारा झालाय तुमचा. उगाच गाडीवर आळ घेऊ नका." रस्त्यावर तर त्यांनी हॉर्न वाजवल्याचं मला आठवत नाही, कारण हॉर्नला वीज लागते. गाडीला आवाज नसल्यामुळे माणसं आणि म्हशी दोघंही बेसावध असत. मग भावोजी खिडकीतून डोकं काढून ओरडत, "अहो आजोबा, सरका! मागून मोटार येतेय!" आजोबा दचकून वळत आणि मोटारीऐवजी भावोजींनाच आधी पाहत. पंखा लावायचा नाही, टेप लावायचा नाही, चढावर कोणी बोलायचं नाही. बोलण्याला वीज लागत नाही, असं मी एकदा म्हणाले, तर ते म्हणाले, "ग्रंथपालबाई, शांततेची सवय तुम्हाला तरी असायला हवी." मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. पावसापाण्यात ते मला शाळेशी सोडत, आणि मी त्याआधीच्या वळणावरच उतरून घेई. "इथेच बरं पडतं," मी म्हणे. तेही कधी कारण विचारत नसत.

अशी गाडी घेण्यात अर्थ आहे का, हा प्रश्न त्यांना बारशात, बाराव्याला, भाजीच्या गाडीवर, कुठेही विचारला तरी चाले. ते पिशवी खाली ठेवून उत्तर देत. "तुम्ही रोज जाता किती लांब? माणूस दिल्लीला निघाल्यासारखी टाकी भरतो आणि जातो बोळिंजपर्यंत!" सातिवलीला जाऊन परत यायला ती गाडी पुरून उरे, हे खरंच होतं. भारनियमनाचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ होतं. वेळापत्रक पाळलं जात नसे, ही त्यांच्या मते गाडीची चूक नव्हती. पण एवढं बोलून झालं की ते वर गॅलरीकडे पाहत. ज्या एका माणसाला पटायला हवं होतं, ते तिथे डाळ निवडत बसलेलं असे.

मग भाच्याचं लग्न ठरलं, राजोडीला, आमच्याच वाडीत मांडव. ताईने भारी साडी काढली, बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ही नेसून ओकत उतरण्यापेक्षा खेळण्यातून उतरलेलं बरं." लग्नाच्या आदल्या दिवशी भावोजींनी गाडी दोनदा धुतली. त्याच संध्याकाळी वीज गेली आणि सकाळपर्यंत मोटार अर्धीच भरली. हे त्यांना ठाऊक होतं. पण आज नको म्हटलं तर ताई पुन्हा कधी हो म्हणणार नाही, म्हणून ते गप्प राहिले.

मी मागे घडी होऊन बसले. पुलाचा चढ आम्ही श्वास रोखून चढलो. पुढे काचा खाली होत्या, वारा येत होता, ताई चक्क गुणगुणत होती. मांडव दिसू लागला आणि गाडी थांबली. बोंबील वाळत घालणारी एक बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "जावाय, दमली वाटतं तुमची! पानी पाजा तिला, पानी!"

"परवाच पाजलंय," भावोजी म्हणाले. "डिस्टिल्ड."

ते खरं होतं, त्या बॅटऱ्यांना ते घालावं लागे. पण हशा मांडवापर्यंत गेला. वाजंत्री वाजवायचे थांबून बघायला आले. आमचा चुलतभाऊ ओरडला, "बैल जुंपू काय, भावोजी?" ताईने पदर तोंडावर ओढला, उतरली आणि मागे न बघता म्हणाली, "चल गं." माझी घडी उलगडेपर्यंत भावोजी सीट धरून उभे होते. मी त्यांच्याकडे न पाहता ताईमागे गेले.

मांडवात आई ताईला म्हणाली, "आज कशी टवटवीत दिसतेस!" ताई पहिल्या पंगतीला बसली आणि माहेरी आल्या आल्या पोटभर जेवली, कितीतरी वर्षांनी. भावोजी शेवटच्या पंगतीला आले. गाडी ढकलत आणून त्यांनी ती वाडीतल्या पंपाच्या जोडणीवर चार्जिंगला लावली होती. पान मांडून घेताना त्यांनी मला हळूच विचारलं, "हिला त्रास नाही ना झाला?"

"नाही," मी म्हणाले.

"मग झालं तर," म्हणाले आणि वरणभात कालवू लागले.

संध्याकाळी गाडी पूर्ण भरून दाराशी उभी होती. पाहुणे पाहायला जमलेच होते. त्या सगळ्यांसमोर ताईने भावाला रिक्षा आणायला सांगितलं. मी तिच्याबरोबर बसले. आम्ही निघालो आणि मागून भावोजींची मोटार येऊ लागली, रिकामी, आवाज न करता. ताईला वाटेत दोनदा रिक्षा थांबवावी लागली. दोन्ही वेळा मागे ती मोटारही थांबली, भावोजी उतरले, पाण्याची बाटली ताईच्या हातात दिली आणि परत जाऊन बसले.

त्यानंतर त्यांनी कोणाला मोटारीबद्दल समजावल्याचं मी ऐकलं नाही. कोणी विचारलं तर "आहे आपली, ठीक आहे," एवढंच म्हणत. बॅटऱ्या संपल्यावर गाडी भंगारात गेली. काही वर्षांनी भावोजी गेले.

आता विरारच्या रस्त्यावर विजेच्या गाड्या धावतात आणि कोणी वळूनही बघत नाही. ताई फुलपाड्यातच राहते. राजोडीला का जात नाहीस, असं विचारलं तर म्हणते, "लांब पडतं." शाळेआधीच्या वळणावर उतरताना मी "बरं पडतं" म्हणायचे, अगदी तशीच.