पाठमोरी

बाबा गेले आणि लालबागच्या आमच्या खोलीत आईची पाठ तेवढी माझ्या वाट्याला आली. स्टोव्हपाशी बसलेली पाठ, खिडकीत उभी पाठ, निजताना भिंतीकडे तोंड म्हणून माझ्याकडे पाठ. वर्ष सरलं, रिवाजाचं कोपऱ्यात बसणंही संपलं, तरी ती जिना उतरेना. पाणी मी भरायची, बाजार मी करायची. दादा गिरणीतून यायचा, जेवायचा आणि झोपायचा.

तेव्हा सगळं गिरणगाव एकाच गोष्टीनं पेटलेलं होतं: मुंबईसह महाराष्ट्र. तळमजल्यावरचे काका चाळीच्या समितीचं काम बघत. शाळेत मी चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या, तेवढ्यावर त्यांनी मला पोस्टरं रंगवायला बसवलं. बायकांची सभा ठरली होती आणि बायका यायला हव्या होत्या. खरं सांगते, मला महाराष्ट्र हवाच होता. पण त्याआधी आई जिन्यावरून खाली उतरलेली हवी होती. काकांना हे सांगितलं असतं तर त्यांनी हातातला ब्रश काढून घेतला असता.

पहिल्या पोस्टरावर मी वळलेली मूठ काढली. पुरुष थांबायचे, माना डोलवायचे. बायका पिशव्या सावरत सरळ निघून जायच्या. मूठ काय, घरोघरी बघतच होत्या त्या. काका म्हणाले, "अक्षरं मोठी कर, अजून मोठी." उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर काकांनीच.

मग बाईचा चेहरा काढला आणि कपाळाशी येऊन हात अडला. कुंकू लावलं तर आईसारख्या म्हणणार, हे काही आपल्यासाठी नव्हे. नाही लावलं तर सवाष्णी तोंड फिरवणार, सकाळी सकाळी पांढरं कपाळ कुणी बघावं! टिकलीएवढ्या जागेत माझ्या अर्ध्या बायका हरवत होत्या. मी चिडून कागद चुरगाळला.

त्यानंतरची दुपार मला अजून स्वप्नात दिसते. गिरणीची पाळी सुटून गेलेली, रस्ता पेंगुळलेला. उन्हात कापसाचे तंतू असे सावकाश उतरत होते, जणू त्यांना कुठं पोचायचंच नव्हतं. आई खिडकीत उभी होती. ऊन तिच्या पलीकडे, मी अलीकडे. मानेवर सैल बुचडा, वर्षानुवर्षं कळशी वाहून एक खांदा जरा उतरलेला. ती काहीच बघत नव्हती. मी किती वेळ तिच्याकडे बघत बसले कोण जाणे. मग गेरूच्या एकाच रंगात तिला कागदावर उतरवली. पाठमोरी, एक पाऊल उंबऱ्याबाहेर, पुढं नुसता उजेड. अक्षरं मुद्दाम बारीक, खाली. जवळ यायलाच हवं, आणि जिला वाचता येत नाही तिनं शेजारणीला विचारायला हवं.

"अगं, हिचं तोंड कुठाय?" काका म्हणाले.

"पलीकडे. सभेला आलं की दिसेल."

पोस्टर आमच्या खिडकीसमोर, पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर लागलं. आणि बायका थांबल्या. दळणाचे डबे कडेवर घेऊन वाद घालायच्या. ही निघाली तरी कुठं? माहेरी. माहेरी जाणारी रिकाम्या हातानं जाते होय? तो खांदा चाळीनं पहिल्या दिवशीच ओळखला. ओळखलं नाही ते फक्त आईनं. आपली पाठ आपल्याला कुठं ठाऊक असते?

"कोण गो ती?" आई खिडकीतून विचारायची.

"मला काय ठाऊक? मनातून काढली."

शेजारची मावशी तोंडाला पदर लावून हसायची आणि मला हळूच म्हणायची, "काखेत कळसा नि गावाला वळसा." आमच्या चाळीत कुणाच्या तोंडात तीळ भिजत नसे. पण हे आईला कुणी सांगितलं नाही. त्या बायकांवर माझा तेव्हा फार जीव जडला.

आई आता खिडकीत उभी राहायची ती पोस्टरावरच्या बाईला बघायला. केस तिथंच विंचरायची. वाऱ्यानं कागदाचा कोपरा सुटला तर मला हाक मारायची, "वायच खळ लाव गो, फाटात ती." रात्री दिवा मालवण्याआधीसुद्धा एकदा डोकावून यायची.

सभेच्या दुपारी ती धुतलेलं लुगडं नेसून दारात आली. म्हणाली, "चल. बघूया तरी ती खंय जाता." आणि कठड्याला धरून उतरायला लागली. मी मागून उतरत होते. जिन्यातच मला रडू फुटलं. तिनं वळून बघितलं नाही, बरं झालं.

मैदान बायकांनी भरलं होतं. काका व्यासपीठापाशी नुसते भांबावून उभे होते. आम्हाला मध्येच कुठंतरी जागा मिळाली. भाषण सुरू झालं, टाळ्या झाल्या, पण आईचं तिकडं लक्षच नव्हतं. ती मान उंच करून एकेका बाईकडे बघत होती.

"ती खंय दिसना नाय गो," ती म्हणाली.

"कोण?"

"ती, कागदावरची. आमका बोलावल्यान आणि आपण इली नाय."

"आलीय," मी म्हटलं, आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. आई पुढंच शोधत राहिली.