ती चढण कुणी वाजवली

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आमच्या भालेराव सरांना नाही. शाहीनला सगळं ठाऊक आहे, पण तिच्याशीसुद्धा या गोष्टीवर एक शब्द बोललेलो नाही. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही. तुम्ही मधे तोडणार नाही, बहुतेक म्हणून.

आधी वाद्याबद्दल सांगावं लागेल, त्याशिवाय माझी लबाडी तुमच्या लक्षात यायची नाही. फ्रेंच हॉर्न म्हणजे जिलबीसारखी वळवलेली लांबच लांब पितळी नळी. डाव्या हाताची बोटं कळांवर, आणि उजवा हात भोंग्याच्या आत. आणि भोंग्याचं तोंड — मागं. वाजवणारा लोकांकडे बघतो, आवाज त्याच्या पाठीमागं जातो. दोन हॉर्नवाले शेजारी बसले तर कोणता सूर कुणाचा, हे समोरून डोळ्यांनी कळत नाही.

नोकरीभर मी एका सरकारी बँडमध्ये हेच वाजवलं. निवृत्त होऊन हिंगोलीत आलो तेव्हा वाटलं होतं, आता हे पितळ भिंतीला टांगायचं. पण इथं भालेराव सर भेटले. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले, जुन्या वाद्यांचे भलते शौकीन. त्यांनी लग्नाच्या बँडमधली, शाळेच्या प्रार्थनेला बिगुल वाजवणारी, नुसतीच हौस असलेली माणसं गोळा केली होती. एका हळदीच्या गोदामात आम्ही रविवारी सकाळी जमायचो. हळदीची बारीक धूळ कळांच्या आत जाऊन बसते आणि कळ अडकते. त्यामुळं वाजवण्याइतकाच वेळ तेल घालण्यात, नळ्या पुसण्यात जायचा. आम्हाला तेही आवडायचं. अख्ख्या जिल्ह्यात फ्रेंच हॉर्न दोनच, असं सर मोठ्या तोऱ्यात सांगायचे. एक माझा. दुसरा सरांनी मेरठहून जुना मागवलेला — तो शाहीनकडे.

शाहीन इथून जवळच्या पुसेगावच्या शाळेत मास्तरीण. आजोबांचा लग्नाचा बँड होता, लहानपणापासून तिच्या कानावर पितळच पडलेलं. मला चाचा म्हणायची. तिला मी काय शिकवलं? खरं सांगू? — काहीच नाही. हॉर्न कसा धरायचा तेवढं दाखवलं आणि शेजारच्या खुर्चीवर बसवलं. पुढचं ती ऐकून ऐकून शिकली.

भालेराव सरांनी भूप रागात एक धून बांधली होती. तिच्या शेवटी हॉर्नची चढण. सगळी वाद्यं थांबतात, दुसरा हॉर्न खालचा षड्ज धरून राहतो, आणि पहिला हॉर्न एकटा वर वर जात तार सप्तकात जाऊन उभा राहतो. सरांनी ती माझ्यासाठी लिहिली होती. गावातल्या छोट्या कार्यक्रमांत ती ऐकलेले लोक मला ‘हॉर्नवाले म्हस्के’ म्हणायचे ते त्या चढणीमुळं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दसऱ्याच्या मैदानावर, मोठ्या प्रदर्शनात, आम्हाला पहिल्यांदा स्टेज मिळालं. आणि त्याच सुमारास माझा वरचा पुढचा दात हलायला लागला. हॉर्नमध्ये वरचा सूर ओठांतून काढायचा असतो, आणि ओठाला आधार दाताचा. दात हलला की वरचं सगळं गेलं. मी कुणाला सांगितलं नाही. तालमीत म्हणायचो, “वरचे सूर त्या दिवसासाठी राखून ठेवतो, सर.” सर हसायचे. शाहीन हसायची नाही.

तुम्हाला वाटेल, ऐनवेळी दगा झाला असेल. नाही हो. मला आधीच माहीत होतं. तरी गेलो.

मैदान खचाखच भरलेलं. धून रंगली, वाद्यं थांबली, चढण आली. पहिले दोन सूर मी काढले. तिसऱ्याला दातातून सणक गेली — आणि मी फुंकणं थांबवलं. ओठ तसेच ठेवले. बोटं तशीच चालू ठेवली. कळा खालीवर होत होत्या आणि माझ्या हॉर्नातून काहीही येत नव्हतं.

चढण मात्र थांबली नाही. शेजारून शाहीननं तिचा षड्ज सोडला आणि माझा चौथा सूर जिथं यायला हवा होता, नेमका तिथं तिचा आला. मग पाचवा. मग सरळ वर, कुठं न अडखळता, कुठं न फाटता. माझ्या सगळ्या आयुष्यात मी ती चढण तशी वाजवली नव्हती. शेवटचा सूर तिनं इतका वेळ धरला की आकाशपाळण्यात बसलेल्या लोकांनी वरून शिट्ट्या मारल्या.

टाळ्या पडल्या. सरांनी माझ्याकडे हात केला. मी उठलो. वाकलो.

एवढंच असतं तरी कदाचित — नाही, तेही पुरे होतं. पण पुढं आणखी झालं. स्टेजच्या मागं सरांनी मला मिठी मारली आणि मग शाहीनकडे वळून म्हणाले, “तू षड्ज काहून सोडला गं? धून उघडी पडली ना पार! म्हस्केनं सांभाळलं म्हणून बरं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. मी बोलेन म्हणून वाट बघत होती. आणि मी बोललो. म्हणालो, “जाऊ द्या सर. पोरगी नवीन हाय. दम कमी पडतो तिचा.”

हे वाक्य मी म्हणालो. मीच. ज्या पोरीच्या दमावर माझी लाज राहिली, तिच्याबद्दल.

ती म्हणाली, “व्हय सर. पुढच्या टायमाला बघते.” आणि हॉर्न उलटासुलटा फिरवून त्यात फुंकून साचलेलं पाणी काढायला लागली.

मग ते वाक्य चिकटलंच तिला. नव्या धुनेत वरचा भाग आला की सर म्हणायचे, शाहीनला नको, दम पुरत न्हाई. तिला खालचेच सूर. मी ऐकत बसायचो. चढणीची धून मी टाळायचो — कधी सर्दी, कधी ओठ फुटला. एकदाही म्हणालो नाही की ते खोटं होतं. ती मात्र दर रविवारी बसनं यायची, कळांना तेल घालायची, खालचे सूर धरायची. का येत राहिली? मला विचारायची हिंमत झाली नाही.

या वर्षी दात काढावाच लागला. दसरा तोंडावर. मैदानाकडून निरोप आला की लोक तीच धून मागून राहिलेत. सर गोदामात मान खाली घालून म्हणाले, धून गाळावी लागेल.

शाहीन उभी राहिली. “मी वाजवते, सर.”

सरांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. खरं बोलायला याहून चांगली वेळ कधी येणार होती? आणि मी काय म्हणालो असेन? — “वाजवू द्या. मी तयारी करून घेतलीय तिची.” पहिल्या खोट्यावर दुसरं रचलं, आणि तिच्या कसबावर आपलं नाव घालून मोकळा झालो.

त्या संध्याकाळी मैदानावर जे झालं ते सांगताना मात्र मला आनंदच होतो, तो लपवणार नाही. वाद्यं थांबली. मी षड्ज धरला. शाहीन खुर्चीवरून उठली, स्टेजच्या पुढच्या कडेपर्यंत गेली, आणि तिनं लोकांकडे पाठ फिरवली. लोक कुजबुजले. सरांचा हात हवेतच राहिला. मग माझ्या लक्षात आलं — तिनं भोंग्याचं तोंड मैदानाकडे केलं होतं.

आणि तिचं स्वतःचं तोंड माझ्याकडे होतं. ती माझ्याकडे बघत चढली.

काय आवाज होता! पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला. भेळेच्या गाड्यांवरचे लोक हातातल्या पुड्यांसह स्टेजकडे सरकले. शेवटच्या सुरावर पोचून ती तिथं उभी राहिली, आणि मैदान उठलं. बायका उठल्या, म्हातारे उठले, पुसेगावहून आलेली तिची शाळेतली लेकरं खुर्च्यांवर चढून “बाई! बाई!” ओरडायला लागली. पुन्हा वाजवायला लावलं. तिनं पुन्हा वाजवलं, आणि पहिल्यापेक्षा मोकळं वाजवलं. भालेराव सर रडत होते. मीही रडत होतो, पण माझं रडणं सरांसारखं स्वच्छ नव्हतं.

मग सरांनी माइक घेतला. म्हस्केंनी एक कलाकार घडवला, म्हणाले. मला पुढं बोलावलं, शाल घातली. मी ती घेतली. शाहीननं टाळ्या वाजवल्या — सगळ्यांच्या बरोबरीनं, ना कमी ना जास्त.

तर हे असं आहे. त्या पहिल्या दसऱ्याला चढण शाहीननं वाजवली. मी बोटं हलवली. तिचा दम कधीच कमी नव्हता. तिला मी घडवलेलं नाही. उलट अडवून ठेवलं, आणि अडवण्याची ती वर्षं मला परत देता येत नाहीत. दाताचं कारण सांगितलं, ते फक्त काय झालं ते कळावं म्हणून.

परवाच्या रविवारी सरांनी नवी धून आणली. पहिल्या हॉर्नचा भाग आता न विचारताच शाहीनसमोर ठेवतात. तिनं कागद वरून खालपर्यंत वाचला, हॉर्न मांडीवर घेतला आणि म्हणाली, “सर, ह्याच्याहून वर न्हाई का जाता येणार?”

सर खिशातलं पेन शोधायला लागले. मी माझ्या कळांना तेल घातलं, आणि खालचा सूर धरला.