कळेनासं होईपर्यंत

मानेवरची चामखीळ काढायची होती. नर्सनं बधिर करणारं मलम लावलं, वर प्लास्टिक चिकटवलं आणि पाऊण तास बाहेर बसायला सांगितलं. शेजारी साठीच्या एक बाई होत्या. त्यांच्या हातावरही तसंच मलम, तसंच प्लास्टिक आणि त्याखाली गोंदलेलं एक हिरवट नाव.

"नवऱ्याचं," त्या आपणहून म्हणाल्या. "लग्नानंतरच्या जत्रेत सासूनं हात धरून गोंदवलं. लई रडले होते. पुढं त्यानं दुसरी केली, नाव राहिलंच. आता लेक म्हणते, लेझरनं काढून टाक."

थोड्या थोड्या वेळानं त्या प्लास्टिकवरूनच नावावर नख रोवून बघत. "अजून कळतंय," म्हणत.

मी मानेला हात लावला. मान दुसऱ्याच कुणाची तरी वाटली. दुखणं जाताना अंगाचं आपलेपणही थोडं घेऊन जातं की काय, असं मनात आलं.

नर्स आली. "मावशी, आता कळतंय का?"

बाईंनी नख रोवलं. मग आणखी जोरात रोवलं.

"नाही गं," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या हातानं ते नाव अलगद झाकून धरलं.