भरतीच्या वेळांचं पॅकेज

"मास्तर, हे गेले," जयवंतच्या बायकोने फोनवर एवढंच सांगितलं. मी तलासरीच्या शाळेत फळ्यासमोर उभा होतो, खडू हातातच राहिला. काही आठवडे झाले त्याला. आठवड्याभरात मुख्याध्यापकबाईंनी विचारलं, "संगणकाची खोली बंद करू या का? तुम्ही एकटे काय करणार?"

जयवंत शाळेतला माझा सहकारी, समुद्रकाठच्या आगर गावचा, घरी भावाची होडी. शाळेतले जुने संगणक त्यानेच लिनक्स या फुकट प्रणालीवर चालते केले आणि मराठी शिकवणाऱ्या मला मदतीला ओढलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. डबा खाताना तो शिकवायचा. संगणकात घालायच्या प्रोग्रामच्या किंवा माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्याला पॅकेज म्हणायचं. अत्यावश्यक पॅकेज काढलं तर यंत्रच बसतं, महत्त्वाचं असायलाच हवं, नेहमीचं सोबत येतं, बाकी सगळं ऐच्छिक. "भात अत्यावश्यक," माझ्या झाकणात सुक्या बोंबलाची चटणी टाकत तो म्हणाला, "हे महत्त्वाचं."

"आणि मी?"

"तुम्ही ऐच्छिक. चांगलं तेवढं सगळं ऐच्छिकच असतं, मास्तर."

तलासरीत समुद्र कुठला? तरी एका संगणकावर त्याने भरती-ओहोटी दाखवणारा प्रोग्राम टाकला होता. त्या प्रोग्रामला लागतं म्हणून किनाऱ्यावरच्या वेळांचं पॅकेज आपोआप मागोमाग आलं. शाळा सुटताना पडद्यावर बघून तो भावाला फोन करायचा. भावाला पाणी तोंडपाठ, पण फोनला निमित्त हवं ना... मग मला म्हणायचा, "आज भरती उशिरा. चला, चहा घेऊ."

गेल्या आठवड्यात मी एकट्यानेच त्या यंत्रावर नवी आवृत्ती चढवली. तिच्यात तो प्रोग्राम राहिलाच नव्हता. शेवटी पडद्यावर ओळ उमटली, की वेळांचं पॅकेज दुसऱ्यासाठी आलं होतं, आता ते कोणालाच लागत नाही, काढून टाकता येईल. या खोलीत मीही त्याच्यामुळेच आलो होतो. इतकं एकटं मला स्मशानातही वाटलं नव्हतं.

आपोआप आलेलं पॅकेज ठेवायचं असेल तर 'हे मी मुद्दाम ठेवलंय' अशी खूण करता येते, हेही जयवंतनेच शिकवलेलं. मी ती आज्ञा टाइप केली आणि बाईंना सांगितलं, "किल्ली माझ्याकडे राहू द्या."

शाळा सुटताना मी ते यंत्र चालू करतो. वेळा आत आहेत, दाखवणारं काही नाही. थोडा वेळ बसतो, खोलीला कुलूप लावतो. चहा आता एकच सांगतो.