आजोबांची खुर्ची

बाई तळघरात आल्या की अंगातला कोट काढायच्या आधी मागच्या रांगेतल्या खुर्च्या मिटायच्या. खटाखट मिटून भिंतीला टेकवायच्या आणि आमच्याकडे वळून म्हणायच्या, "माझ्या वर्गात शेवटची रांग नसते." मग कोट.

अमेरिकेत, नेपरव्हिलजवळच्या एका चर्चच्या तळघरात त्यांची शनिवारची शाळा भरायची. वस्तीतल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी वस्तीनंच चालवलेली. मुलांच्या आज्या सूप आणायच्या, कुणाचा तरी बस चालवणारा मामा त्यांच्या लोकांचा इतिहास सांगायचा, आणि मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून बीजगणित माझ्या गळ्यात पडलं. बाई निवृत्त शिक्षिका. अशा शिक्षिका तुम्हीही पाहिल्या असतील. निवृत्ती कागदावर, आवाज तसाच. कुणाला उशीर झाला की म्हणायच्या, "ट्रेन तर वेळेवर गेली. मी ऐकली." गाडी चालवत येणाऱ्या मलासुद्धा हेच.

नागपूरच्या सवयीनं मी त्यांना 'बाई' म्हणायचो. अर्थ विचारून घेतल्यावर त्यांनी ते पोरांनाही म्हणायला लावलं.

एकदा मी त्यांना माझ्या आजोबांबद्दल सांगितलं. जातीमुळे त्यांना वर्गात बसू देत नसत. दाराबाहेर पोत्यावर बसून, कान आत लावून ते शिकले. पुढच्या शनिवारी बाई स्वतःच्या स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची घेऊन आल्या आणि पहिल्या रांगेत मधोमध ठेवली. "ही तुझ्या आजोबांची." तेव्हापासून पोरं आत येताना त्या खुर्चीला "गुड मॉर्निंग, आजोबा" म्हणायची. 'जो'वर भलताच जोर देऊन. मला हसू यायचं.

आमच्या मराठी मंडळातल्या मुलांनाही बाईंनी इंग्रजीत भाषणं करायला शिकवलं, हौसेनं. एका पोराला बक्षीस मिळालं आणि मंडळानं बाईंचा सत्कार ठरवला. सत्कार करण्यात आपला हात कोण धरणार? शाल, श्रीफळ, फोटो. मंडळाच्या अध्यक्षांना सगळे काका म्हणतात. ते माइकवर भरून आल्यासारखे म्हणाले, "बाई, हा हॉल तुमचाच आहे. कधीही हाक मारा." शेजारी उभा राहून मी ते इंग्रजीत सांगितलं. बाईंनी छातीवर हात ठेवला. नारळाचं काय करायचं हे मात्र त्यांनी मला गाडीत विचारलं.

त्या हिवाळ्यात तळघरातला पाइप फुटला आणि शाळा पाण्यात गेली. पालक हवालदिल झाले, पण बाई निवांत होत्या. "आपल्याला हॉल आहे ना," म्हणाल्या. मीच काकांना फोन केला. काका जरा अडखळले, पण हो म्हणाले. पहिला शनिवार छान गेला. बाईंनी मंडळाच्या हॉलमधलीही मागची रांग मिटली. अंगावर सत्काराची शाल होती.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर काकांचा मेसेज आला: बाहेरच्यांसाठी हॉल बंद. मी तडक त्यांच्या घरी गेलो.

"अरे, इन्शुरन्सचा इश्यू आहे," काका म्हणाले.

"ढोलताशाच्या प्रॅक्टिसला नव्हता तो?"

"हे बघ, पेरेंट्स अनकम्फर्टेबल आहेत. ती मुलं पार्किंगमध्ये उभी असतात, लोक बघतात. तुला कळतंय मला काय म्हणायचंय."

"काका, तुम्ही स्टेजवरून शब्द दिला होता."

"यार, स्टेजवर बोलायचं असतं रे तसं. कुणी लगेच सामान घेऊन येतं का?"

मला काकांचा राग आला, आणि त्याहून जास्त सत्काराला टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांचा. त्यांच्यातल्या एकानंही ग्रुपवर अवाक्षर काढलं नाही. माझीच माणसं. असं फसवलं गेल्यासारखं मला परक्यांच्या देशात परक्यांकडून कधी वाटलं नव्हतं.

बाईंना रात्रीच फोन करायला हवा होता, पण काका सकाळपर्यंत विरघळतील असं वाटत राहिलं. सकाळी हॉलच्या दाराला कुलूप. मी बर्फात दारापाशी उभा राहिलो. गाड्या आल्या, पोरं उतरली, सूपची पातेली उतरली. बाई आजोबांची खुर्ची दोन्ही हातांनी धरून आल्या. आठवडाभर ती त्यांनी पॉलिशला घरी नेली होती. मी सगळं सांगितलं, 'ती मुलं'सकट. त्यांच्याशी खोटं बोलवेना.

बाईंनी कुलूप एकदा ओढून पाहिलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तू भाषांतर केलंस. नीट केलं होतंस ना?"

"शब्द न् शब्द, बाई."

"मग मी बरोबर ऐकलं होतं."

त्यांनी पोरांना पुन्हा गाड्यांत बसवलं. अंगावरची सत्काराची शाल काढून घडी केली आणि दाराच्या मुठीला अडकवली. नंतर खुर्ची माझ्या हातात दिली.

तळघर लवकर दुरुस्त झालं नाही, आणि ती शाळा पुन्हा भरली नाही. वसंतात बाई दक्षिणेत बहिणीकडे राहायला गेल्या. शाल पांघरलेला त्यांचा फोटो मंडळाच्या वेबसाइटवर अजून आहे, खाली 'आमच्या बाई' असं लिहिलेलं.

खुर्ची माझ्याकडे आहे. ती हातात देताना बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "आजोबांना घरी ने. त्यांना पुन्हा दाराबाहेर बसवायचं नाही."